डूलवालीची अंडी

क्लोरिन्दा वेनुपीने बियाण्याच्या अदलाबदलीला
माझ्या ठिपकेदार घेवड्यावर
सहा अंडी दिली. निळी.
आकाशासारखी बिकाशासारखी नव्हेत,
धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या सदऱ्यासारखी.
म्हणाली, "ओतिलिया, ही डूलवालीची.
कोंबडाही डूलवालाच.
चारातलं एक फुटत नाही. आधीच सांगते,
मागाहून माझ्या दारात येऊ नकोस."

एर्मिनियोने माशांच्या थर्माकोलच्या पेटीत
बल्ब बसवून दिला होता, जाण्याआधी.
पेटीला अजून रावसाचा वास.
त्यात तीन पांढरी, टेमुकोच्या लेगहॉर्नची,
तीन शाळेतल्या काळ्या कास्तेयानाची,
दोन तपकिरी, आमच्याच उघडमानीची,
आणि ही सहा.
एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल.
सकाळी फुली वर, दुपारी गोल, झोपताना पुन्हा फुली.
माझा दिवस इतका सोपा
कधीच नव्हता.

दहाव्या रात्री बॅटरीवर धरून पाहिली:
मुळासकट उपटलेल्या तणासारख्या लाल शिरा,
आणि मध्ये एक ठिपका,
प्रकाश पडताच दचकणारा.
मी बॅटरी विझवली. माफ कर, म्हटलं. कुणाला, कोण जाणे.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं असतं.
त्याच दिवशी समुद्रावरून वारा सुटला,
बुदी तळ्याच्या काठचे दोन खांब आडवे झाले
आणि बल्ब गेला.

चूल होती, पण चुलीला सदतीस आणि अर्धा कळत नाही.
कंदील घेऊन खुराड्यात गेले.
तिथे उघडमानी आठ दिवसांपासून खुडूक,
एका बटाट्यावर बसलेली.
तिच्या मानेवर एक पीस नाही,
जणू कुणी सोलायला घेतलं
आणि मध्येच विचार बदलला.
बटाटा काढला. तिने माझा अंगठा फोडला.
एकेक करून चौदा अंडी सारली तिच्याखाली,
निळं, पांढरं, तपकिरी.
तिने फक्त बूड जरा रुंद केलं.
रंग विचारला नाही.

वीज तीन दिवसांनी आली. तोवर
लेगहॉर्नवाले बाहेर, पिवळे, घाईचे,
बस चुकेल अशा बेताने.
कास्तेयाना आल्या काळ्या, पोटाशी पांढऱ्या.
उघडमानीची स्वतःची दोन, आईसारखीच
नागव्या मानेची, थंडीने चिडलेली.
निळ्यांतून चार.
एकाला शेपूटच नाही, मागे वळताना
दरवेळी पाठीवर पडतं.
एकाच्या डाव्या कानाशी केसांचा बारीक डूल,
उजवा कान रिकामा.

दोन राहिली.
चोविसाव्या दिवशी मी त्यातलं एक फोडलं.
फोडू नये म्हणतात.
आत पिल्लू पुरं होतं. नखं होती,
चोचीवर कवच फोडायचा तो पांढरा दाणासुद्धा.
दोन्ही कानांशी डूल,
ओले, डोक्याला चिकटलेले.
आईकडून एक, बापाकडून एक:
एवढंच पुष्कळ झालं.

दुसरं मी फोडलं नाही.
दोन्ही घेवड्याच्या आळ्यात पुरली
आणि क्लोरिन्दाच्या दारात गेले.
तक्रारीला नव्हे, तिलाही ते कळलं.
तिने मातेचा पेला भरून पुढे केला,
बराच वेळ नळीचाच आवाज.
मग म्हणाली, "पुढच्या वर्षी साधा कोंबडा घे."
आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत,
"मीही दरवर्षी हेच ठरवते."

आता अंगणात उघडमानी पुढे
आणि मागे तिची ती सरमिसळ.
यंत्रात जन्मलेल्यांच्या पोरी, या लेगहॉर्न,
कुणाच्या आज्यांनी रवण पाहिलेलं नाही,
पण ती 'कुक' म्हणताच माती उकरतात.
ससाणा दिसला की ती एक सूर लावते
आणि बारा पिल्लं तिच्याखाली गडप,
वर उरते फक्त ती उघडी, लाल, कुरूप मान,
इकडेतिकडे वळणारी.

एर्मिनियोचा फोन आला, चिलोएच्या जाळ्यांवरून.
वाऱ्यात त्याचं निम्मं बोलणं वाहून गेलं.
"किती?" एवढं ऐकू आलं.
चौदा, म्हटलं.
फोन ठेवून बाहेर गेले
आणि पुन्हा मोजली.